मुक्त, मोफत आणि विकत : संगणकाच्या चर्चेतील एक शिष्टाचार

स्मरणिकेचे काम हाती घेतले की समितीपुढे पहिला प्रश्न असतो जाहिरातींचा आणि दुसरा अक्षरजुळणीचा. पहिल्याविषयी लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांनी पावतीपुस्तक घेऊन माळशिरस ते नातेपुते आणि माळशिरस ते वेळापूर फेऱ्या मारल्या आहेत त्यांना तो पुरेपूर ठाऊक आहे. दुसऱ्याविषयी मात्र या वेळी आम्हांला असा काही अनुभव आला, की तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. लेखाचा विषय संगणकाचा असला तरी तो समजायला संगणक यावाच लागतो असे नाही. आमच्यापैकी निम्म्यांना तो येत नाही.

संस्थेने १९९८ साली जी स्मरणिका काढली होती, तिच्यात तालुक्यातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी छापल्या होत्या. १९५६ च्या ऑक्टोबरात ही मंडळी नागपूरला कशी गेली, तिकिटाचे पैसे कोणी दिले, बरोबर भाकरी कोणाच्या घरच्या होत्या, परत आल्यावर गावात काय घडले, हे त्यांनी स्वतः सांगितले होते आणि शाळामास्तरांनी ते वहीत उतरून घेतले होते. सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. वह्या गहाळ झाल्या. छापील अंकाची एकच प्रत कार्यालयात उरली आणि तिची मधली पाने वाळवीने खाल्ली. राहिली ती एक सीडी, जिच्यावर त्या वेळच्या फ्लॉपींतील मजकूर पुढे कोणीतरी उतरवून ठेवला होता. या आठवणी पुन्हा छापायच्या असे ठरले, सीडी संगणकात घातली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलरच्या खुणा आणि कंस यांचा नुसता सडा पडला. मराठीचे एक अक्षर नाही.

याचे कारण थोडक्यात सांगतो. त्या काळी मराठी अक्षरजुळणीसाठी जी सॉफ्टवेअर वापरात होती, त्यांत प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी होती. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, तशीच आकृती, ही नावे डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असत. या फॉन्टमध्ये युक्ती अशी होती, की संगणकाच्या पोटात साठवले जाई इंग्रजी अक्षर किंवा खूण, आणि तिच्या जागी दाखवले जाई मराठी अक्षराचे चित्र. फॉन्ट असेल तर ‘क’ दिसेल, नसेल तर इंग्रजीतले भलतेच काही. त्या काळात हे आवश्यकच होते, आणि ज्यांनी हे फॉन्ट बनवले त्यांनी मराठी छपाईवर उपकारच केले आहेत. युनिकोड या सार्वत्रिक पद्धतीने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक १९९१ मध्येच दिला होता. परंतु तो तालुक्याच्या दुकानापर्यंत यायला बरीच वर्षे गेली. अशा सॉफ्टवेअरबरोबर अनेकदा एक छोटी डबी मिळे, जिला सगळे ‘लॉक’ म्हणत. ती संगणकाच्या मागे, प्रिंटरची तार जिथे लागते तिथे लावायची. डबी नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. आता नव्या संगणकांना ती जागाच उरलेली नाही. आमचा मजकूर यांपैकी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये होता ते येथे लिहीत नाही. ज्या केंद्राने तो जुळवला ते कधीच बंद झाले आहे, आणि दोष कोणा एकाचा आहे असेही नाही.

आमच्यातील एका कार्यकर्त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची बैठक असते. तिथे विचारून बघू.” आम्ही तिघे पहाटेच्या एसटीने गेलो. वीस-पंचवीस माणसे होती, बहुतेक तरुण, दोन-चार पिकलेल्या केसांची. आमची अडचण सर्वांनी आस्थेने ऐकून घेतली. मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. वय साठीच्या पुढचे, पूर्वी स्वतः डीटीपी करणारे. ते म्हणाले, “एवढी चर्चा कशाला? अमुक कंपनीची नवी आवृत्ती घ्या. तिच्यात जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलायची सोय आहे. एका दिवसाचे काम.” आम्हांला हायसे वाटले. पण खोली एकदम शांत झाली, आणि पुढे बसलेला एक मुलगा फटकन म्हणाला, “काका, ही जागा त्यासाठी नाही. दुकानदारी बाहेर करा.” काका खाली बसले ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

आम्ही गोंधळलो. आम्हांला उपाय सांगणाऱ्या माणसाला गप्प का करावे? आणि जो उपाय चालणार आहे तो सांगण्यात गैर ते काय? चहाच्या वेळी आम्ही हाच प्रश्न चार जणांना विचारला, नंतर त्या मुलाने काही वाचायला दिले, आणि हळूहळू जे उमगले ते पुढे लिहीत आहोत.

या मंडळींच्या चळवळीची सुरुवात अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांच्यापासून धरतात. त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. आपल्याकडे भारतातील भगिनी संस्था २००१ साली केरळात सुरू झाली. त्यांचे म्हणणे असे, की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक हवी : ते हव्या त्या कामाला चालवण्याची, ते कसे चालते हे उघडून पाहून बदलण्याची, त्याची प्रत शेजाऱ्याला देण्याची, आणि आपण बदललेली प्रतही इतरांना देण्याची. या चारही असतील तर ते मुक्त. एक जरी नसेल तर ते बंदिस्त, मग त्याची किंमत शून्य असो की लाखभर.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोकळे आणि फुकट असे दोन्ही अर्थ येतात, म्हणून तिकडे या विषयावर आयुष्यभर खुलासे करत बसावे लागते. मराठीत ‘मुक्त’ वेगळा आणि ‘मोफत’ वेगळा. आपल्याला ही सोय आयती मिळाली आहे, पण आपण तिचा उपयोग करत नाही. ‘बरहा’ हे मराठी-कानडी लिहिण्याचे सॉफ्टवेअर आपल्याकडील पुष्कळांनी वापरले. ते आरंभी मोफत होते, मुक्त नव्हते. पुढे नव्या आवृत्तीला किंमत लागली. यात कर्त्याने काही वावगे केले असे नाही, वस्तू त्याची होती. परंतु मोफत मिळते म्हणजे आपल्या हाती आले असे समजणाऱ्यांना त्या दिवशी फरक कळला.

उलट बाजूही तितकीच खरी. मुक्त वस्तू विकता येते. स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आपले ईमॅक्स नावाचे सॉफ्टवेअर टेपवर भरून १५० डॉलरला विकले, आणि त्यांची संस्था आजही सांगते, की मुक्त सॉफ्टवेअर विकून पैसे मिळवण्यात काही वाईट नाही. दादरला ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जे जातात त्यांना हे लगेच पटेल. तिथे अन्नदान मोफत असते आणि पुस्तके विकत असतात. पुस्तके विकतात म्हणून कोणी नाक मुरडत नाही. कारण विकत घेतलेले पुस्तक घरी आणता येते, विहारात मोठ्याने वाचून दाखवता येते, समाधिस्थ झालेल्या लेखकाला न विचारता नातवाला देता येते. आता कल्पना करा, की पुस्तकाबरोबर विक्रेत्याने एक डबी दिली आणि सांगितले, की ही डबी शेजारी ठेवली तरच अक्षरे दिसतील. आमच्या सीडीचे नेमके तेच झाले होते. तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या बैठकीत आक्षेप असतो तो किमतीला नव्हे, डबीला. काकांनी सुचवलेली वस्तू विकतची होती हे गौण, बंदिस्त होती हे मुख्य. ज्या मुलाने ‘दुकानदारी’ हा शब्द वापरला त्याचाही येथे थोडा घोटाळा झाला होता, असे आमचे मत आहे.

तिसरा एक प्रकार आहे, आणि तो आपल्या भागात फार. “विकत कशाला घेता, माझ्याकडे कॉपी आहे, पेनड्राइव्ह आणा.” पेजमेकर असो, कोरल ड्रॉ असो, तालुक्याच्या ठिकाणी बॅनर आणि लग्नपत्रिका ज्यांवर निघाल्या त्यांतील किती प्रती रीतसर होत्या हे कोणी विचारू नये. या चोरीच्या प्रतीलाच आपल्याकडे ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणण्याची चाल पडली. मुक्त सॉफ्टवेअरच्या बैठकीत अशी सूचना करणे म्हणजे विकतची वस्तू सुचवण्याहून मोठा अपराध. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेल्या ६३-ब कलमाप्रमाणे असे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस आणि कमाल ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच : चोरलेली बंदिस्त वस्तू ही बंदिस्तच असते. तिच्यात ठेवलेला मजकूर तितकाच अडकतो. शिवाय आमच्यासारख्या संस्थेला, जिच्या हिशेबाच्या वहीत दहा रुपयांच्या वर्गणीचीही पावती असते, तसली प्रत कार्यालयात ठेवणे शोभत नाही.

आता शिष्टाचाराचा नियम. आम्हांला वाटले होते, की तो तोंडी चालत आलेला असेल. प्रत्यक्षात तो लिहिलेला आहे. ग्नू प्रकल्पाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपसांत सौजन्याने कसे बोलावे याविषयी काही सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत या बाबीचे दोन भाग स्वच्छ वेगळे केले आहेत. एखादा सहकारी स्वतः बंदिस्त सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्याला ते सोडण्याची आठवण मायेने करावी, वारंवार टोचू नये, आणि त्याने ते सोडले नाही तरी त्याची मदत आनंदाने घ्यावी. मात्र दुसऱ्याला बंदिस्त सॉफ्टवेअर वापरायला सुचवणे हे प्रकल्पाच्या मूळ तत्त्वाविरुद्ध असल्यामुळे त्या चर्चांत त्याला परवानगी नाही. म्हणजे वापरणाऱ्याला क्षमा आहे, सुचवण्याला मनाई आहे. आधी आम्हांला हे उलटे वाटले. विचार केल्यावर त्यातील व्यवहार कळला : वापर हा एकट्याचा असतो, सूचना मात्र खोलीतल्या सगळ्यांच्या कानांवर पडते आणि त्यातील नवख्याला तीच वाट वाटते.

याच प्रकल्पाच्या दुसऱ्या नियमावलीत, जी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे, आणखी एक बारकावा आढळतो. सर्वांना आधीच माहीत असलेल्या बंदिस्त सॉफ्टवेअरचा ओघात उल्लेख आला तर हरकत नाही, कारण त्याने कोणाला नवी वाट दाखवली जात नाही. विंडोज वापरणाऱ्याला आपले मुक्त सॉफ्टवेअर विंडोजवर कसे चालवावे हे सांगायलाही हरकत नाही. पण ज्याचे नाव ऐकणाऱ्याने कधी ऐकलेले नाही ते त्याच्या हाती आणून देऊ नये. नाव काढणे आणि बोट दाखवणे यांत फरक केला आहे. आमच्या आजीचा एक नियम असाच होता : गावातल्या दारूच्या दुकानाचे नाव घराघरांत निघते, पण पाहुण्याला पत्ता सांगायला पोराने धावू नये.

आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला मुक्कामाला येते आणि पुढे वेळापूरला जाते. त्या दिवसांत रस्त्याच्या दुतर्फा कोणी पाणी वाटतो, कोणी चहा, कोणी पिठले-भाकरी. पलीकडेच हॉटेले असतात, त्यांचाही धंदा जोरात चालतो आणि त्यांत कोणाला वाईट वाटत नाही. पण मोफत चहाच्या टेबलापाशी उभे राहून कोणी “यात दूध कमी आहे, समोरच्या हॉटेलात फक्कड मिळतो” असे रांगेतल्यांना सांगू लागला, तर वाटणारी मंडळी त्याला काय म्हणतील? त्याचे बोलणे कदाचित खरेही असेल. तरीही ज्यांनी आठ दिवस वर्गणी गोळा करून पातेले चढवले त्यांच्या तोंडावर ते बोलायचे नसते. दूध कमी असेल तर एक लिटर आणून द्यावे. मात्र एखादा मधुमेही म्हातारा बिनसाखरेचा चहा मागत असेल आणि तो पातेल्यात नसेलच, तर “बाबा, समोर मिळेल” असे वाटणाऱ्यानेच सांगावे. त्यात कमीपणा नाही.

काका आणि तो मुलगा यांच्यात नेमका इथेच वाद होता. आमची अडचण पहिल्या प्रकारची की दुसऱ्या?

एवढा कडकपणा कशासाठी, असे विचारले तेव्हा एकाने आम्हांला लिनक्सची हकिगत सांगितली. ती येथे जरा सविस्तर देतो, कारण डबीची गोष्ट फक्त माळशिरसची नाही हे तिच्यावरून दिसते. लिनक्स हा संगणकाच्या कारभाराचा गाभा, लिनस टोरवाल्डस यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला, आणि जगभरच्या हजारो लोकांनी मिळून वाढवलेला. एवढ्या लोकांचे बदल एकत्र सांभाळणे टोरवाल्डस यांना जड जाऊ लागले. लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीने बिटकीपर नावाचे उत्तम सॉफ्टवेअर बनवले होते. ते बंदिस्त आणि विकतचे होते, परंतु मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना काही अटींवर मोफत देण्याची तयारी कंपनीने दाखवली. एक अट अशी, की ते वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारे काही बनवू नये. टोरवाल्डस यांनी २००२ मध्ये ते स्वीकारले. पुष्कळांनी हरकत घेतली, स्टॉलमन यांनीही घेतली. टोरवाल्डस यांचे उत्तर व्यवहारी माणसाचे होते : कामाला सर्वांत चांगले जे, ते मी वापरणार. काम खरोखर वेगाने पुढे गेले हेही नमूद केले पाहिजे.

मग २००५ साल उजाडले. अँड्रू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने बिटकीपरशी बोलू शकेल असे एक मुक्त साधन तयार करायला घेतले. कंपनीला ते अटीविरुद्ध वाटले आणि तिने मोफत परवानगी काढून घेतली. ट्रिजेल यांनी नंतर एका परिषदेत दाखवले, की त्यांनी फार मोठी चलाखी केली नव्हती. त्या सर्व्हरशी जोडून ‘मदत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाइप केला तर तो स्वतःच आपल्या आज्ञांची यादी सांगत असे. काही असो, जगातील सर्वांत मोठ्या मुक्त प्रकल्पाचे रोजचे हत्यार एका सकाळी हातातून गेले. टोरवाल्डस यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतः नवे साधन लिहायला घेतले आणि थोड्याच दिवसांत ते वापरण्याजोगे केले. त्याचे नाव गिट. आज संगणकाचे काम करणारी आपली मुले जिथे जातील तिथे हेच वापरतात. आणि बिटकीपर? २०१६ मध्ये त्याच्या कंपनीने तेही मुक्त परवान्याखाली खुले केले.

या हकिगतीवरून दोन्ही पक्ष आपापला धडा काढतात, हे आम्हांला फार गमतीचे वाटले. एक म्हणतो, पाहा, आधीच ऐकले असते तर ही वेळ आली नसती. दुसरा म्हणतो, तीन वर्षे काम तर झाले, आणि चांगले साधन कसे असावे हे त्या बंदिस्त वस्तूनेच शिकवले. आमच्यासारख्या तिऱ्हाइताला दोन्ही खरे वाटतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते : सूचना करणाऱ्याने किंवा स्वीकारणाऱ्याने परत येण्याची वाट आधी पाहून ठेवली नव्हती.

डेबियन या मुक्त संचाचे लोक या बाबतीत आम्हांला अधिक शहाणे दिसले. त्यांनी १९९७ मध्ये आपल्या वापरणाऱ्यांशी एक जाहीर करार केला. आपला संच पूर्ण मुक्त राहील असे त्यात वचन दिले, आणि त्याच करारात हेही मान्य केले, की काही लोकांना बंदिस्त वस्तूंची गरज पडते. म्हणून मुख्य कोठारात फक्त मुक्त, आणि शेजारी वेगळ्या कोठीत, दारावर ‘मुक्त नव्हे’ अशी पाटी लावून, बाकीचे. पुढे अडचण अशी आली, की नव्या संगणकांतील वाय-फायसारखी अंगे चालवायला बंदिस्त तुकडे लागू लागले, आणि नवखा माणूस संच बसवतानाच अडू लागला. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन ते तुकडे बसवणीच्या संचाबरोबर द्यायचे ठरवले, २०२३ च्या आवृत्तीपासून तसे सुरूही केले. पण पाटी काढली नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र कोठी केली आणि तिच्यावरही स्पष्ट लिहिले.

आमच्या मते सुचवण्याची रीत यातच आली. काका उठले तेव्हा त्यांनी आधी विचारायला हवे होते, की इथल्या मंडळींजवळ मुक्त उपाय आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी सांगावे, की मला एक बंदिस्त वस्तू माहीत आहे, हरकत नसेल तर बैठकीनंतर सांगतो. सांगताना किंमत सांगावी, डबी आहे की नाही ते सांगावे, आणि मुख्य म्हणजे मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की नंतर त्या वस्तूवाचून तो उघडेल की नाही, हे सांगावे. स्वतःला त्यात दलाली मिळत असेल तर तेही आधी सांगावे. काकांना काही मिळत नव्हते. परंतु त्यांच्या आधी वर्षभरात दोघे जण असे येऊन गेले होते, की ज्यांनी प्रश्नाला उत्तर म्हणून आपलेच पत्रक वाटले. ताकाने तोंड भाजलेला मुलगा दूधही फुंकून पिऊ लागला, इतकेच. (म्हण उलटी झाली, पण त्याच्या बाबतीत तसेच घडले होते.)

मुलाचे चुकले ते वेगळे. नियम माहीत नसलेल्याला नियम सांगावा, हाकलू नये. आमच्या तालुक्यातील मुले २००१ साली एमकेसीएल स्थापन झाल्यानंतर एमएस-सीआयटी शिकून संगणकाला लागली. ती बहुतेक विंडोजवरच शिकली. त्यांनी अशा बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडले तर बंदिस्त सॉफ्टवेअरचेच नाव निघणार, कारण दुसरे त्यांनी पाहिलेलेच नाही. त्या मुलांना पहिल्याच दिवशी चारचौघांत फटकारले तर ती पुन्हा येणार नाहीत. चारचौघांत गप्प बसवले जाणे म्हणजे काय असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

शिवाय मराठीच्या बाबतीत मुक्त पक्षाची बाजू फार वर्षे लंगडी होती, हेही प्रांजळपणे मानले पाहिजे. पाने जुळवण्याचे स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर जुनेच, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे फुटून पडत. तेव्हा डीटीपीवाल्याला ‘हे वापरा’ म्हणून सांगणे हा त्याच्या पोटावर पाय होता. आता तसे राहिलेले नाही. २०२४ च्या १.६ या आवृत्तीत मराठी नीट उमटते. लिबरऑफिस मराठी आज्ञांसह मिळते. लोहित, मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका असे फॉन्ट मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. ते शिकवणारे मराठी आवाजातील धडे आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मोफत आहेत. ज्यांना घरच्या मुलांना शिकवायचे असेल त्यांनी कार्यालयात यावे, आम्ही ते उतरवून ठेवले आहेत.

राहिली आमची सीडी. बैठकीतून बाहेर पडताना आम्ही काकांना गाठले. नवी आवृत्ती घेण्याइतके पैसे स्मरणिकेच्या खात्यात नव्हते. असते तर आणि दुसरा मार्ग नसता तर आम्ही ती घेतली असती, हे येथे कबूल करतो. वडिलांच्या आठवणी कुजत ठेवून तत्त्व पाळणे आम्हांला जमले नसते. पण दुसरा मार्ग निघाला, आणि तो काकांमुळे निघाला. कोणती खूण म्हणजे कोणते अक्षर हे त्यांना तोंडपाठ होते. वीस वर्षे बोटांनी तेच केलेले. त्यांनी दोन रविवार बसून पूर्ण तक्ता लिहून दिला. ज्याने त्यांना गप्प केले होते त्याच मुलाने तो तक्ता घेऊन एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या फेरीत पहिली वेलांटी सगळीकडे एक अक्षर आधी पडू लागली आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते त्या जागी, म्हणजे अक्षराच्या आधी, टाइप करत, आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. ‘धर्म’चा ‘धमर्’ झाला होता. काकांनी चुका लाल शाईने दाखवायच्या आणि मुलाने प्रोग्रॅम दुरुस्त करायचा, असे तीन-चार वेळा झाले. तो प्रोग्रॅम आता मुक्त परवान्याने कोणालाही मिळतो. तक्त्यावर काकांनी आपले नाव घालू दिले नाही.

त्या आठवणी याच अंकाच्या उत्तरार्धात छापल्या आहेत. एका आठवणीत परतीच्या प्रवासाचे वर्णन आहे, तिथे एका स्टेशनाच्या नावाच्या जागी एक खूण अशी आली, की ती तक्त्यातही नाही आणि काकांनाही आठवत नाही. ती जागा कोरी सोडली आहे. कोणाच्या घरी १९९८ चा अंक असल्यास पान पाहून कळवावे.